तोंडाची चव आणि तांबडा प्रकाश

कॅन्सरच्या उपचारांत तोंडाची चव जाते, ही तक्रार दवाखान्यात बहुधा सगळ्यात शेवटी सांगितली जाते. गाठ किती उतरली, रक्तातल्या पेशी किती आहेत, पुढची तारीख कोणती, हे सगळे विचारून झाले की रुग्णाच्या घरचे कोणीतरी संकोचाने म्हणते, जेवण जात नाही, सगळे बेचव लागते. 'होईल हळूहळू' एवढे उत्तर मिळते आणि पुढचा रुग्ण आत येतो. ते उत्तर खोटे नसते, कारण बऱ्याच जणांची चव खरोखरच हळूहळू परतते. पण किती जणांना हे भोगावे लागते, ते पाहिले की एवढ्यावर समाधान होत नाही. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. केवळ केमो घेणाऱ्यांत सुमारे ५६ टक्के, केवळ किरणोपचार घेणाऱ्यांत सुमारे ६७ टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांत सुमारे ७६ टक्के रुग्णांची चव बिघडल्याचे त्यात दिसले. म्हणजे दोन्ही उपचार एकदम चाललेल्या चार रुग्णांपैकी तिघांना हा त्रास होतो. सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात तंबाखू-चुना, मावा आणि बायकांच्या मिश्रीमुळे गालाचे, जिभेचे, घशाचे कॅन्सर घरोघरच्या ओळखीचे झालेले आहेत, आणि नेमक्या याच कॅन्सरांत किरणांचा मारा तोंडावर होतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर वाढलेल्या माणसाला तिखट सोसत नाही, हे तो समजून घेतो. पण दुधात कुस्करलेली भाकरीही ओल्या कागदासारखी लागू लागली की त्याचे खाणेच तुटते. स्वयंपाक करणारी बाई स्वतःच रुग्ण असेल तर तिला आमटीत मीठ पडले की नाही, हेही कळत नाही.

या त्रासावर गेल्या काही वर्षांत एक उपाय पुढे आला आहे: तोंडाच्या आतून तांबड्या किंवा त्याच्या पलीकडच्या अदृश्य प्रकाशाचे सौम्य किरण देणे. शास्त्रीय नाव फोटोबायोमॉड्युलेशन. जुन्या लिखाणात यालाच कमी शक्तीचा लेसर म्हटलेले आढळेल. माझे म्हणणे असे आहे की हा प्रकाश सोलापूर भागातल्या कॅन्सर रुग्णांपर्यंत पोहोचायला हवा, पण चवीचा इलाज म्हणून विकला जाऊन नव्हे. तोंड सोलून निघण्यावर त्याचा उपयोग पक्का सिद्ध झालेला आहे, त्या कामासाठी त्याला आणावे. चवीचा प्रश्न मात्र अजून अर्धवट सुटलेला आहे. त्याचे उत्तर इथेच, नीट चाचणी करून शोधावे.

आधी चव जाते कशी ते पाहू. जिभेवर, टाळूवर आणि घशाच्या सुरुवातीला रुचिकलिका असतात. एकेका कलिकेत पन्नास ते शंभर पेशी असतात. या पेशी फार दिवस जगत नाहीत. साधारण दहा दिवसांत त्यातल्या बऱ्याच मरतात आणि तळाशी असलेल्या मूळपेशी विभागून त्यांच्या जागी नव्या पेशी पाठवत राहतात. किरण आणि केमोची औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर वार करतात. गाठ मरते ती याच कारणाने, पण त्याच माऱ्यात रुचिकलिकांच्या मूळपेशीही सापडतात. उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले आहे की किरणांनंतर मूळपेशींचे विभाजन काही काळ थांबते, जुन्या पेशी आपल्या वेळेला मरतात आणि त्यांची जागा रिकामी राहते. म्हणून चव पहिल्याच दिवशी जात नाही. डोक्या-मानेच्या कॅन्सरला सहसा ६० ते ७० ग्रे एवढी मात्रा रोज दोन ग्रेप्रमाणे, आठवड्याला पाच दिवस, सहा-सात आठवड्यांत दिली जाते, आणि चव बिघडते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून. उपचार संपत येतात तेव्हा ती सर्वात वाईट असते. पुढे दोन महिन्यांपासून वर्षभरात बहुतेकांची सावरते, काहींची पूर्ण सावरत नाही. यात लाळेचाही भाग मोठा आहे. पदार्थातला रस लाळेत विरघळल्याशिवाय रुचिकलिकेपर्यंत पोहोचत नाही, आणि किरणांनी लाळग्रंथी सुकल्या की उरलेल्या कलिकाही उपाशी राहतात. केमोचे आणखी वेगळे आहे. काही औषधांनी तोंडात लोखंड चाखल्यासारखी चव राहते, काहींनी वास बदलतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचाच असतो.

चवीचा एवढा विचार करण्यावर एक आक्षेप ताबडतोब येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. जीव वाचवायचा की जीभ सांभाळायची? जिल्ह्याच्या रुग्णालयात किरणोपचाराच्या यंत्रापुढे रांग असते, घरच्यांनी कर्ज काढलेले असते, अशा वेळी चवीची काळजी म्हणजे चैन नव्हे का? मला हा आक्षेप मुळातच चुकीच्या पायावर उभा वाटतो. चव गेली की अन्न घटते, अन्न घटले की वजन उतरते, वजन उतरले की केमोची मात्रा कमी करावी लागते किंवा किरणांत खंड पडतो. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये किरणोपचार लांबला तर गाठ काबूत राहण्याची शक्यता दर दिवसामागे सुमारे एक टक्क्याने घटते, असे अनेक अभ्यासांतून दिसलेले आहे. आठवडाभराचा खंड म्हणजे सात टक्के. ही घट भरून काढणे कोणत्याही महागड्या औषधाला सोपे नाही. अर्थात खंड पडण्याचे एकमेव कारण चव नसते, तोंडाची आग हे अधिक मोठे कारण असते. तरी दोन्ही एकाच तोंडात, एकाच वेळी घडतात आणि रुग्णाला ती वेगळी करून भोगता येत नाहीत.

आता प्रकाशाकडे. या विद्येची सुरुवात बुडापेस्टमध्ये झाली. एन्ड्रे मेस्टर या हंगेरियन डॉक्टरांना लेसरने कॅन्सर होतो का ते पाहायचे होते. १९६७ च्या सुमारास त्यांनी उंदरांची पाठ भादरून तिथे सौम्य लेसर दिला. कॅन्सर झाला नाही, उलट लेसर दिलेल्या जागी केस लवकर उगवले. पुढे जखमा भरण्यावर प्रयोग झाले आणि हळूहळू एक समजूत तयार झाली. ६३० ते ६८० नॅनोमीटरचा तांबडा आणि ८०० च्या पुढचा अवरक्त प्रकाश पेशींतल्या तंतुकणिकांमधले एक विकर शोषून घेते. सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे त्याचे नाव. त्यामुळे पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, दाह कमी होतो, दुरुस्ती वेगाने होते. यातले नेमके किती काम या एका विकराचे आणि किती इतर वाटांचे, यावर अजून वाद आहेत. पण एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसलेली आहे: या प्रकाशाला मात्रा असते. थोडा कमी दिला तर परिणाम होत नाही, जास्त दिला तर फायदा उलट जातो. म्हणून 'लाल दिवा लावला' एवढे म्हणून भागत नाही. लहरीची लांबी किती, शक्ती किती, एका बिंदूवर किती सेकंद, आठवड्यातून किती वेळा, हे सगळे औषधाच्या डोससारखे लिहावे लागते. तांबडा प्रकाश ऊतींत काही मिलिमीटरच आत शिरतो. खोल अवयवांसाठी ही अडचण, पण रुचिकलिका जिभेच्या पृष्ठभागावरच असल्याने इथे ती आड येत नाही.

तोंड सोलण्याच्या त्रासावर, ज्याला डॉक्टर म्युकोसायटिस म्हणतात, पुरावा भक्कम आहे आणि त्यातला महत्त्वाचा भाग आपल्या शेजारच्या राज्यातून आला आहे. कर्नाटकातल्या मणिपाल विद्यापीठाच्या संशोधकांनी किरण आणि केमो एकदम घेणाऱ्या २२१ रुग्णांवर चाचणी केली. काहींना खरा हीलियम-निऑन लेसर, काहींना नुसता दिखाऊ. कोणाला काय मिळते ते रुग्णालाही माहीत नव्हते आणि तोंड तपासणाऱ्यालाही नव्हते. २०१२ मध्ये निष्कर्ष छापले गेले. खरा लेसर मिळालेल्यांत तोंड तीव्रपणे सोलणे, वेदना आणि अफूवर्गीय वेदनाशामकांची गरज, तिन्ही कमी होती. त्यांनी पाहिलेले रुग्ण आपल्याकडच्या रुग्णांसारखेच होते, तंबाखूने तोंड नासलेले, उशिरा दवाखान्यात पोहोचलेले. म्हणून मला ही चाचणी युरोपातल्या कोणत्याही चाचणीपेक्षा सोलापूरसाठी मोलाची वाटते. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१८ मध्ये या उपचाराला मान्यता देणारे मार्गदर्शन काढले. कॅन्सर रुग्णांच्या पूरक उपचारांवर काम करणाऱ्या एमएएससीसी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत डोक्या-मानेच्या किरणोपचारांत तोंड सोलू नये यासाठी हा प्रकाश देण्याची शिफारस केली. एवढे असताना आपल्या बहुसंख्य रुग्णांनी त्याचे नावही ऐकलेले नाही, हे मला खटकते.

चवीचा पुरावा मात्र इतका पक्का नाही, आणि इथे उत्साहाला लगाम हवा. चवीसाठी प्रकाश देऊन पाहिलेले बरेच अभ्यास लहान आहेत. काहींत दहा-वीस रुग्ण आणि तुलनेला दुसरा गटच नाही. अशा अभ्यासात प्रकाश दिला, महिन्याने चव सुधारली, असे लिहिलेले वाचून भुलू नये. चव आपोआपही परतते हे आपण पाहिलेच. उपचार संपल्यावर महिन्याभराने जे काही द्याल, हळदीचे दूध की लाल दिवा, त्याला श्रेय मिळेलच. दुसरी गुंतागुंत अशी की प्रकाशाने तोंडाची आग कमी झाली, माणूस जेवू लागला, लाळ सुटू लागली, तर चवही सुधारल्यासारखी वाटेल. मग प्रकाशाने रुचिकलिका वाचवल्या की फक्त जखम भरली? या प्रश्नाला थोडे बरे उत्तर ब्राझीलमधून मिळते. तिथे स्तनाच्या कॅन्सरसाठी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड घेणाऱ्या स्त्रियांवर झालेली, दिखाऊ प्रकाशाशी तुलना करणारी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि प्रकाश मिळालेल्या स्त्रियांत चव बिघडण्याचे प्रमाण कमी दिसले. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तोंडावर किरण पडत नाहीत, म्हणून तिथे जखमेचा गोंधळ बराच कमी असतो. हा निकाल आशा देणारा आहे, पण एकाच चाचणीचा आहे. जस्ताचे काय झाले ते इथे आठवावे. १९९८ मधल्या एका लहान अभ्यासात जस्ताच्या गोळ्यांनी चव सावरल्याचे दिसले, अनेक डॉक्टर त्या लिहून देऊ लागले, आणि २००७ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत जस्ताचा काहीही फायदा आढळला नाही. प्रकाशाचेही तसेच होऊ शकते.

रुग्णाला सगळ्यात जास्त भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हा प्रकाश पेशींना बळ देतो, मग उरलेल्या कॅन्सरच्या पेशींनाही तो बळ देणार नाही का? हा प्रश्न तर्काला धरून आहे. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर निकाल उलटसुलट आले आहेत. माणसांवरचा अनुभव दिलासा देणारा आहे. ब्राझीलमध्ये ९४ रुग्णांवरच्या लेसर चाचणीचा दीर्घ पाठपुरावा २०१७ मध्ये छापला गेला, आणि प्रकाश मिळालेल्यांत रोग अधिक परतल्याचे दिसले नाही, उलट रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्त होते. म्हणून सावधगिरीचा नियम सोपा ठेवता येतो: दिसणाऱ्या गाठीवर थेट प्रकाश टाकायचा नाही, आणि किरणोपचार देणाऱ्या डॉक्टरला कळवल्याशिवाय काही करायचे नाही. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. किरणोपचाराला बोलताना आपल्याकडे 'शेक' म्हणतात, त्यामुळे तांबड्या प्रकाशाचे नाव काढले की आणखी एक शेक आला असे वाटून रुग्ण घाबरतो. या प्रकाशात किरणोत्सर्ग नाही, भाजणे नाही. डोळ्यांवर चष्मा लावणे मात्र गरजेचे आहे. दाताच्या दवाखान्यात हिरडी कापायला वापरतात तो लेसर परस्पर चवीसाठी वापरणे धोक्याचे, कारण त्याची शक्ती वेगळी आणि काम वेगळे. ऑनलाइन मिळणारे लाल दिव्याचे पट्टे आणि मुखवटे तर या कामासाठी बनवलेलेच नसतात.

खर्चाचा प्रश्न उरतो. किरणोपचाराचा रुग्ण तसाही सहा-सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस दवाखान्यात येतो. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोल्याहून येणारा माणूस एसटीचे तिकीट काढून आलेला असतो किंवा जवळच खोली घेऊन राहिलेला असतो. त्याच भेटीत प्रकाशाची काही मिनिटे बसवणे शक्य आहे. लागतो तो एक शिकवलेला माणूस, एक योग्य यंत्र, आणि मात्रेची नोंद. हे उभे राहीपर्यंत करण्यासारखेही पुष्कळ आहे, आणि प्रकाशापेक्षा ते आधी व्हावे असे मी म्हणेन. तोंडात पांढरा थर दिसला तर बुरशी आहे का ते तपासावे, कारण बुरशीनेही चव जाते आणि तिच्यावर स्वस्त औषध आहे. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात. धातूची चव येत असेल तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवावा. गरम पदार्थांपेक्षा थंड दही, ताक-भात, मऊ मुगाची खिचडी अनेकांना सोपी जाते. मांस आणि चहा नकोसे झाले तर जबरदस्ती करू नये, अंडी, पनीर, डाळ यांतून प्रथिने पोटात जातील.

पण मूळ प्रश्न, प्रकाश चव वाचवतो का, तो कोणीतरी सोडवायचा आहे, आणि मला वाटते तो सोलापूर जिल्ह्याने सोडवावा. हे म्हणायला इतिहासाचा आधार आहे. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली, आणि बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतली गावे तिच्यात आली. गावातला रुग्ण आपणहून दवाखान्यात येत नाही हे ओळखून तिचे कार्यकर्ते गावोगावी जाऊन माहिती काढत. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयाने, टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या सोबतीने, शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची एक प्रचंड चाचणी केली. ५२ गावसमूहांतल्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा तीत समावेश होता. आयुष्यात एकदा एचपीव्ही या विषाणूची तपासणी केली तरी त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हा तिचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या धोरणांत त्याचा उपयोग झाला. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणी दिली नाही, यावर पुढे गंभीर नैतिक आक्षेपही घेतले गेले. आक्षेप रास्त होते, आणि पुढच्या कोणत्याही चाचणीने ते पचवायला हवेत. तरीही बार्शीसारख्या तालुक्याच्या गावातून जगाच्या प्रश्नाचे उत्तर निघू शकते, हे त्या कामाने सिद्ध केले.

त्या आक्षेपांचा धडा चवीच्या चाचणीला थेट लागू होतो. किरणोपचार घेणाऱ्यांत तोंड सोलू नये म्हणून प्रकाश देणे ही आता मान्य पद्धत आहे, त्यामुळे तिथे अर्ध्यांना दिखाऊ प्रकाश देणे योग्य होणार नाही. त्यांना खरा प्रकाश द्यावा आणि चवीची नोंद ठेवावी, इतकेच. तुलना करायची असेल तर ती केमो घेणाऱ्या स्तनाच्या किंवा इतर कॅन्सरच्या रुग्णांत करावी, आणि ज्यांचा किरणोपचार संपून वर्ष उलटले तरी चव आलेली नाही त्यांच्यात करावी, कारण आपोआप सुधारण्याचा काळ त्यांचा सरून गेलेला असतो. मोजमाप रुग्णाच्या शब्दावरच सोडू नये. गोड, खारट, आंबट, कडू द्रावणांचे थेंब जिभेच्या वेगवेगळ्या भागांवर देऊन किमान कोणत्या तीव्रतेला चव कळते ते पाहावे, वजन आणि खाल्लेल्या उष्मांकांची नोंद घ्यावी. सोबत रुग्णालाही विचारावे, पण सोलापूरच्या जिभेच्या भाषेत: भाकरीची चव आली का, चटणीतला लसूण कळतो का, ताकातला आंबटपणा लागतो का. लाळ वेगळी मोजावी, म्हणजे सुधारणा रुचिकलिकांची की लाळेची ते सांगता येईल. उत्तर 'नाही' आले तरी ते जस्ताच्या वेळेसारखे नऊ वर्षांनी न येता आत्ताच येईल, आणि घरच्यांचे पैसे लाल दिव्यांवर जाणार नाहीत. 'होय' आले तर किरणोपचाराच्या खोलीशेजारी त्यासाठी आणखी एक खुर्ची ठेवावी लागेल.